जपानी तलवारीची पारख

तलवारीच्या संबंधात आपल्या भाषेने ‘पाणी’ हा शब्द मोठ्या मार्मिकपणे योजला आहे. लोहार तापलेल्या पात्याला पाणी देतो, उत्तम पाते पाणीदार ठरते, आणि पुढे तोच शब्द आपण मोत्याला, घोड्याला व माणसालाही लावतो. तलवारीचे मोल मुठीवरच्या सोन्यात किंवा म्यानावरच्या मखमलीत नसून पोलादाच्या अंगी उतरलेल्या गुणांत आहे, ही जाण त्या एका शब्दात साठलेली आहे. जपानी लोकांनी ही जाण शतकानुशतके जोपासली आणि तिला एका स्वतंत्र विद्येचे रूप दिले. त्या विद्येची थोडी ओळख आज करून घ्यावयाची आहे.

आरंभी एक उदाहरण पाहू. जपानच्या ओकायामा प्रांतात सेतोउची नावाचे एक लहानसे शहर आहे. तेथील नगरपालिकेने २०२० साली लोकांकडून वर्गणी गोळा करून एक तलवार विकत घेतली. किंमत होती पन्नास कोटी येन. ही तलवार तेराव्या शतकातील असून ती त्याच परिसरात घडविली गेली. पुढे ती उएसुगी या विख्यात सरदार घराण्याकडे होती, आणि जपान सरकारने तिला ‘राष्ट्रीय ठेवा’ म्हणून मान्यता दिलेली आहे. तिचे नाव ‘यामातोरिगे’, म्हणजे डोंगरातील रानपक्ष्याची पिसे. आता नवलाची गोष्ट अशी, की एवढ्या मोलाच्या या तलवारीवर तिच्या कर्त्याचे नावच कोरलेले नाही. याच्या उलट, मासामुने या चौदाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या थोर कारागिराचे नाव धारण करणारी पाती बाजारात वाटेल तितकी आढळतात, आणि त्यांतील बहुतेक सगळी खोटी असतात. मासामुनेची स्वाक्षरी असलेली अस्सल पाती अगदी मोजकीच आहेत.

नाव नसता अमोल आणि नाव असता कवडीमोल, असे का व्हावे? याचे उत्तर एका वाक्यात द्यावयाचे तर असे, की जपानी तलवार ही वाचावयाची वस्तू आहे. तिच्या आकारात तिचा काळ, पोलादाच्या पोतात तिचे गाव आणि धारेवरच्या पाण्यात कारागिराचा हात उमटलेला असतो. कोरलेले नाव ही या लेखाची शेवटची ओळ होय. आणि ती वरच्या मजकुराशी जुळली तरच खरी मानावयाची.

हा लेख पोलादावर उमटतो कसा, हे समजण्यासाठी तलवार घडविण्याची रीत थोडक्यात पाहिली पाहिजे. जपानी पोलाद लोहयुक्त वाळूपासून काढतात. मातीच्या भट्टीत ही वाळू व लोणारी कोळसा यांचे थर तीन दिवस व तीन रात्री सतत घालीत राहावे लागते. मग भट्टी फोडून आतला पोलादाचा गोळा बाहेर काढतात. या पोलादाला ‘तामाहागाने’ म्हणतात. शिमाने प्रांतातील अशी एक भट्टी १९७७ साली पुन्हा सुरू करण्यात आली, आणि आजच्या जपानी कारागिरांना पोलाद मिळते ते मुख्यत्वे तेथूनच. हे पोलाद तापवून, ठोकून, दुमडून पुन्हा ठोकतात. प्रत्येक घडीला थरांची संख्या दुप्पट होते. दहा घड्यांनी हजारावर आणि पंधरा घड्यांनी बत्तीस हजारांवर थर होतात. या घड्यांमुळे पात्याच्या अंगावर लाकडाच्या शिरांसारखा सूक्ष्म पोत उमटतो. बाहेर कठीण पोलाद आणि पोटात मऊ पोलाद, अशी रचनाही बहुतेक कारागीर करीत.

यानंतर येतो तो निर्णायक क्षण. पात्यावर मातीचा लेप देतात. पाठीकडे जाड, धारेकडे पातळ. मग पाते लालभडक तापवून पाण्यात बुडवितात. पातळ लेपाखालची धार झटकन निवते व अतिशय कठीण होते. जाड लेपाखालची पाठ सावकाश निवते व चिवट राहते. कठीण झालेली धार किंचित प्रसरण पावते आणि त्या ताणाने पात्याला बाक येतो, किंवा असलेला बाक वाढतो. कठीण व चिवट पोलादाच्या सीमेवर जी शुभ्र, धूसर रेषा दिसते तिला ‘हामोन’ म्हणतात. लेप कसा द्यावा, पाते किती तापवावे, पाणी किती ऊन असावे, हे प्रत्येक घराण्याचे गुपित असे. म्हणून ही रेषा कारागिराच्या हस्ताक्षरासारखी असते. किंबहुना कोरलेल्या सहीपेक्षा तिची नक्कल करणे कितीतरी कठीण असते.

आता पारखी माणूस तलवार हातात घेतल्यावर काय करतो ते पाहू. तो प्रथम पाते हातभर अंतरावर उभे धरून त्याची एकंदर आकृती न्याहाळतो. बाक मुठीजवळ खोल आहे की मध्यभागी? पाते टोकाकडे निमुळते होत जाते की सारखेच रुंद राहते? टोक आखूड आहे की लांब? बाराव्या-तेराव्या शतकांतील तलवारी घोडेस्वारासाठी असत. त्या लांब असून त्यांचा बाक मुठीच्या बाजूला अधिक असे, आणि कमरेला त्या धार खाली करून लटकवीत. त्यांना ‘ताची’ म्हणतात. चौदाव्या शतकातील यादवीच्या काळात प्रचंड रुंद व लांब टोकांची पाती निघाली. पुढे पायदळाची लढाई वाढली, तेव्हा धार वर करून कमरपट्ट्यात खोचावयाची आखूड ‘काताना’ प्रचारात आली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, शांततेच्या काळात, बाक फारच कमी झालेली सडपातळ पाती दिसतात. अशा रीतीने केवळ आकृतीवरून काळाचा अंदाज बांधता येतो. लांबीवरून होणारे प्रकारही ठरलेले आहेत. सुमारे साठ सेंटिमीटरांच्या वर ती काताना किंवा ताची, तीस ते साठ सेंटिमीटरांपर्यंत ‘वाकिझाशी’ आणि त्याहून लहान ती ‘तान्तो’, म्हणजे कट्यारीएवढी. ही लांबी मोजावयाची ती टोकापासून पाठीवरच्या खाचेपर्यंत, सरळ रेषेत.

काळ ठरल्यावर पारखी पोलादाच्या पोताकडे वळतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या तलवारींना ‘कोतो’, म्हणजे जुन्या तलवारी म्हणतात, आणि त्यांच्यात यामातो, यामाशिरो, बिझेन, सागामी व मिनो या पाच प्रांतांच्या पाच परंपरा मानतात. यामातोच्या पात्यांत सरळ शिरांचा पोत आढळतो. बिझेनच्या जुन्या पात्यांवर हामोनच्या वर धुक्यासारखी एक सावली दिसते आणि हामोन लवंगेच्या कळ्यांच्या घोसासारखा असतो. सागामीच्या कामात चमकणारे सूक्ष्म कण तारकांसारखे विखुरलेले दिसतात. मिनो प्रांतातील कानेमोतो या नावाच्या कारागिरांचा हामोन सुरूच्या झाडांची टोके ओळीने दिसावीत तसा, तीन-तीनांच्या गटांत उंचावलेला असतो. हे सारे पाहावयाचे ते दिव्याच्या एका झोतात, पाते हळूहळू कलते करीत. एका कोनातून जे दिसत नाही ते दुसऱ्या कोनातून एकदम उजळून निघते.

यानंतर येतो पात्याचा मुठीत दडलेला भाग. जपानीत त्याला ‘नाकागो’ म्हणतात. बांबूची एक लहानशी खुंटी काढली की मूठ सुटते आणि हा भाग उघडा पडतो. त्यावर कधीही पॉलिश करीत नाहीत. शेकडो वर्षांचा गंज त्यावर तसाच ठेवलेला असतो, आणि पारख्याच्या दृष्टीने तोच मोठा साक्षीदार होय. फार जुन्या पात्याच्या नाकागोवरील गंज गडद तपकिरी किंवा काळसर, घट्ट व गुळगुळीत असतो. अलीकडच्या पात्यावर तो लालसर व भुसभुशीत असतो. कारागिराने कानस कोणत्या दिशेने चालविली, आडवी की तिरकी, यावरून घराणे कळते. खुंटीची भोके किती, त्यांची जागा कोठे, यावरून पाते कितीदा आखूड केले ते कळते. नाव कोरलेले असेल तर छिन्नीच्या खोबणीतला गंज बाहेरच्या गंजाशी जुळतो की नाही, हे भिंगाने पाहतात. जुन्या गंजावर नवी छिन्नी चालली असेल, तर खोबण आपोआप चहाडी करते. सहीची बाजूसुद्धा अर्थपूर्ण असते. ताची असो वा काताना, ती डाव्या कमरेला असता जी बाजू बाहेर येते, त्या बाजूवर सही करण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे. ताची व काताना धारण करण्याच्या रीती परस्परविरुद्ध असल्याने सहीच्या जागाही परस्परविरुद्ध होतात.

मग एवढ्या थोर तलवारींवर नावे का नसतात? याचे एक कारण हे, की जुन्या लांब ताची पुढच्या काळात काताना म्हणून वापरण्यासाठी आखूड करण्यात आल्या. टोक कापले तर तेथले पाणी जाते. म्हणून कापावयाचे ते नाकागोच्या बाजूने. त्या कापण्यात सही नष्ट झाली. उलट पक्षी, लबाडांनी सामान्य पात्यांवर थोर नावे कोरली. सतराव्या शतकात एदो शहरात कोतेत्सु नावाचा कारागीर होता. तो आधी चिलखते बनवी, मग तलवारींकडे वळला. त्याच्या नावाची पाती इतकी खोटी निघाली, की कोतेत्सु दिसला तर तो खोटाच समजून चालावे, असा जाणकारांत प्रघात पडला. तिसरा प्रकार खऱ्या नावाचाच. बिझेनमधील ओसाफुने गावी सुकेसादा हे नाव धारण करणारे अनेक कारागीर होऊन गेले. पंधराव्या-सोळाव्या शतकांत यादवी युद्धांची मागणी भागविण्यासाठी त्यांनी साध्या शिपायांकरिता गठ्ठ्यांनी पाती काढली आणि सरदारांकरिता खास पातीही घडविली. खास पात्यांवर प्रांत, गाव व कारागिराचे व्यक्तिगत नाव सविस्तर असे. गठ्ठ्याच्या मालावर बहुधा त्रोटक सही. दोन्ही अस्सल सुकेसादाच. पण मोलात महदंतर!

ही पारख जपानात एका घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या चालविली. होनामी हे त्या घराण्याचे नाव. तलवारींना पॉलिश करणे, त्यांची निगा राखणे आणि त्यांची परीक्षा करणे हा त्यांचा व्यवसाय. ते आपला निर्णय दुमडलेल्या कागदावर लिहून देत. त्या कागदाला ‘ओरिगामी’ म्हणत, आणि जपानी भाषेत आजही खात्रीच्या वस्तूला किंवा माणसाला ‘ओरिगामीसह’ असे विशेषण लावतात. आठवा शोगुन तोकुगावा योशिमुने याच्या आज्ञेवरून याच घराण्याने १७१९ साली देशातील नामांकित तलवारींची एक यादी सिद्ध केली. आखूड केलेल्या बिननावी पात्यांवर त्यांनी आपला निर्णय सोन्याच्या अक्षरांत जडविल्याचीही उदाहरणे आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली, जपानी कलात्मक तलवारींच्या जतनासाठी एक संस्था स्थापन झाली. तीच आज परीक्षा करून श्रेणीवार प्रमाणपत्रे देते. तिचे तलवार-संग्रहालय २०१८ पासून तोक्योच्या र्‍योगोकु भागात आहे.

या विद्येची तालीम कशी होते, हेही ऐकण्यासारखे आहे. जाणकारांच्या बैठकीत चार-पाच तलवारी मांडतात. पण प्रत्येकीचा नाकागो कापडाने किंवा लाकडी मुठीने झाकलेला असतो. प्रत्येकाने पाते पाहून कारागिराचे नाव चिठ्ठीवर लिहून द्यावयाचे. बरोबर असेल तर ‘अतारी’, म्हणजे अचूक, असा शेरा मिळतो. नाव चुकले पण त्याच कारागिराच्या निकटच्या शिष्याचे किंवा आप्ताचे निघाले, तर ‘बरोबरच समजावे’ असा उदार शेरा मिळतो. घराणे पार चुकले तर नकार. अशा तीन संधी असतात. नाव झाकून केलेला हा अभ्यासच नावाच्या मोहापासून माणसाला वाचवितो.

आता तलवारीच्या दोषांविषयी. पाते जुने आहे एवढ्याने ते मोलाचे ठरत नाही. धारेत आडवी गेलेली केसासारखी चीर हा सर्वांत घातक दोष. असे पाते शस्त्र म्हणून बाद झाले असे समजतात. वारंवार पॉलिश होऊन पाते झिजले, की वरचे पोलाद संपून पोटातले मऊ पोलाद डोके वर काढते. आगीत सापडलेल्या पात्याचे पाणी उतरते. त्याला पुन्हा पाणी देता येते. पण मग मूळ कारागिराचा हात त्यात उरत नाही, म्हणून मोल घटते. अर्थात नियमाला अपवाद असतात. आवातागुची योशिमित्सु याची ‘इचिगो हितोफुरी’ ही तलवार १६१५ साली ओसाकाच्या किल्ल्याबरोबर आगीत सापडली. पुढे यासुत्सुगु या कारागिराने तिला पुन्हा पाणी दिले, आणि ती जपानच्या राजघराण्याच्या संग्रहात मानाने नांदते आहे. तेथे कारागिरीबरोबर इतिहासाचेही मोल धरले गेले.

श्रोतेहो, हा सारा विषय आपल्यापासून फार दूरचा वाटेल. पण तसे नाही. १८७६ साली जपान सरकारने सामुराईंना तलवार धारण करण्याची बंदी केली, तरी लष्करी अधिकाऱ्यांच्या कमरेला ती राहिली. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश व मलाया येथील रणांगणांवर, आणि १९४५ च्या शरणागतीनंतर तर फार मोठ्या संख्येने, या तलवारी ब्रिटिश व हिंदी फौजांच्या हाती आल्या. ज्या मराठा पलटणींचे केंद्र बेळगावास आहे, त्यांच्यापैकी चौथी बटालियन १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरातील सांगशाक येथे जपानी सैन्याशी झुंजली होती. अशा मोहिमांवरून परतलेल्यांच्या घरी एखादी जपानी तलवार माळ्यावर किंवा पेटीत पडून असणे मुळीच असंभवनीय नाही.

अशी तलवार बहुधा युद्धकाळात कारखान्यात निघालेली असते. नाईक-हवालदारांसाठी १९३५ सालच्या नमुन्याची जी तलवार निघाली, तिची मूठ ओतीव धातूची असून वर दोरी गुंडाळल्याचा केवळ देखावा असतो, आणि पात्यावर क्रमांक ठोकलेला असतो. अधिकाऱ्यांच्या पुष्कळ तलवारींना पाण्याऐवजी तेलात निववीत आणि त्यांच्या नाकागोवर तपासणीचा लहानसा छाप असे. हा माल इतिहासाची खूण म्हणून ठेवण्यासारखा आहे, कलाकृती म्हणून नव्हे. परंतु अनेक अधिकारी घरातले पिढीजात पातेच लष्करी मुठीत व म्यानात बसवून रणांगणावर नेत. फील्ड मार्शल तेराउची याने १९४५ च्या नोव्हेंबरात सायगाव येथे माउंटबॅटन यांच्या स्वाधीन केलेली आखूड तलवार १४१३ सालची होती. ती आज इंग्लंडात विंडसरच्या राजवाड्यात आहे. म्हणून वरच्या वेषावरून आतल्या पात्याचा निर्णय कधीही करू नये.

आणि अज्ञानाने काय नष्ट होते, याला मर्यादा नाही. तोकुगावा घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असलेली ‘होन्जो मासामुने’ ही जपानची एक सर्वश्रेष्ठ तलवार १९४५ च्या डिसेंबरात तोक्योच्या एका पोलीस ठाण्यात जमा झाली, तेथून दोस्त सैन्याच्या माणसांकडे गेली, आणि तेव्हापासून तिचा ठावठिकाणा नाही. ती कदाचित एखाद्या घरात अनोळखी लोखंड म्हणून पडलेली असेल. कदाचित वितळूनही गेली असेल.

तेव्हा ज्याच्या घरी असे पाते असेल त्याने काय करावे? प्रथम काय करू नये ते सांगतो. खंडेनवमीला आपण शस्त्रे घासूनपुसून पुजतो. हा संस्कार उत्तम. परंतु जपानी पात्याला चिंच, राख किंवा पॉलिश कागद लावला, की हामोन व पोत एका दुपारीत कायमचे बिघडतात. हळदकुंकू पाटावर वाहावे, पात्यावर नव्हे. गावातल्या शिकलगाराकडेही ते देऊ नये. तो आपल्या कामात कितीही वाकबगार असला, तरी जपानी पाते एकामागून एक अनेक नैसर्गिक दगडांवर उजळण्याची रीत वेगळी आहे, ती शिकण्यास वर्षे लागतात, आणि योग्य हातांनी केलेले पॉलिशसुद्धा दर वेळी थोडे पोलाद खातेच. नाकागोवरचा गंज तर प्राण गेला तरी घासू नये. तो काढणे म्हणजे जुन्या दस्तऐवजावरची तारीख व शिक्का खरवडून टाकण्यासारखे आहे.

करावयाचे ते इतकेच. पाते म्यानातून काढताना धार वर ठेवावी, पाठ म्यानावर टेकवावी व सावकाश ओढावे. पात्याला बोट लावू नये. घामाने त्यावर डाग उमटतात. मऊ, स्वच्छ कागदाने किंवा जुन्या धुवट कापडाने ते पुसून त्यावर तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. जपानात यासाठी लवंगेचा वास असलेले खास हलके तेल वापरतात. आपल्याकडील पावसाळ्यात ही काळजी अधिक वेळा घ्यावी लागेल. खुंटी सहज निघत असेल तरच मूठ उतरवावी. हातोडीचे घाव घालू नयेत. नाकागोच्या दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे घ्यावीत, लांबी मोजून लिहून ठेवावी आणि ती माहिती जाणकाराला दाखवावी. ही तलवार घरात कोणी, कोठून व कोणत्या साली आणली, हेही वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. शस्त्र बाळगण्याविषयी १९५९ चा कायदा आहे, आणि शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू सरकारी परवानगीवाचून देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून काही व्यवहार करण्यापूर्वी त्याची चौकशी करावी.

ज्याला संग्रह करावयाचा आहे त्याला जुने पारखी एकच सल्ला देतात. पैसा खर्च करण्यापूर्वी डोळा तयार करावा, पुष्कळ उत्तम पाती पाहावीत, आणि नाव, गोष्ट व तलवार या तिहींपैकी तलवारच विकत घ्यावी. सातशे वर्षांचे पाते आपल्या हाती येते ते पंचवीस-तीस वर्षांपुरते. आपल्याआधी वीस-पंचवीस पिढ्यांनी ते पुसले, तेल लावले आणि पुढे दिले. म्हणून तर ते आज वाचता येते. आपल्या पाळीत त्यातले एकही अक्षर पुसले जाऊ नये, एवढे सांभाळले म्हणजे संग्राहकाचे कर्तव्य झाले.